माझं फ्रेंच आणि गिरिजाची भीती

माझ्या नोकरीतली सगळ्यात मूर्ख चूक मी कानाने केली. चौदा वर्षांची एक मुलगी दोन शब्द बोलली. ते मी नीट ऐकले, वहीत नीट उतरवले, शेजारी वेळही टाकली, आणि अर्थ मात्र भलत्याच भाषेतला लावला. त्यापायी ती मुलगी एक अख्खी रात्र नाहीशी झाली. माझी नात म्हणते, "आजी, हे कशाला दिवाळी अंकात लिहितेस, लोक हसतील." हसू देत. त्या वेळची मी आज मला भेटले असते तर मीही हसले असते, आणि मग एक कानाखाली दिली असती.

ही चूक कळायला आमच्या बेटावरच्या भाषा कळायला हव्यात. मॉरिशसच्या आम्हा मराठी माणसांचे पणजे-खापरपणजे कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यांवर आले. घरात त्यांची मराठी राहिली, अंगणाबाहेर क्रेओल. क्रेओल म्हणजे फ्रेंचची नात, आजीच्या लुगड्याचं परकर-पोलकं करून घालणारी. परीक्षा इंग्रजीत द्यायची आणि मोठ्या लोकांशी बोलायचं ते फ्रेंचमध्ये.

मी पन्नासच्या दशकात ज्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकले तिथे वॉर्डात क्रेओल चालत नसे. पेशंट क्रेओलमध्ये कण्हायचा आणि आम्ही त्याला फ्रेंचमध्ये धीर द्यायचो. मला ते फार आवडायचं. मी नुव्हेल फ्रांस गावच्या शिंप्याची मुलगी. तीन वर्षांत मी माझे कान असे घासून काढले की आईने "मीठ वाढू का गो" विचारलं तरी मनात त्याचं फ्रेंच होऊन जाई आणि उत्तर द्यायला वेळ लागे. आई बाबांना सांगायची, "पोरीला हॉस्पिटल बाधलंय."

साठ सालच्या फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. आमच्याकडे त्याला सिक्लोन म्हणतात. सिक्लोनचा एक डाव बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. वारा एका बाजूने तासन्‌तास झोडपतो आणि मग एकदम थांबतो. पान हलत नाही. आभाळ उजळतं, कोंबड्या बाहेर येतात. तेव्हा आपण वादळाच्या डोळ्यात असतो. जाणती माणसं त्या वेळी दाराला हात लावू देत नाहीत, कारण डोळा पुढे सरकला की वारा उलट्या बाजूने येतो आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळं केलेलं सगळं घेऊन जातो. पण त्या दिवशी ती शांतता इतकी लांबली की कित्येकांना वाटलं, संपलं. लोक बाहेर पडले आणि उडालेले पत्रे गोळा करू लागले.

वादळानंतर मला लालमती गावच्या एका शाळेत पाठवलं. घरं गेलेली कुटुंबं तिथे फरशीवर राहत होती. एका वर्गाचं छप्पर गेलं होतं, बाकीच्यांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. माझ्या ताब्यात औषधांची एक पेटी, एक वही आणि मास्तरांच्या टेबलावरची पितळी घंटा. मी चोवीस वर्षांची होते आणि ती घंटा मला फार शोभते असं माझं मत होतं. रोज दुपारी दोनला मी ती वाजवायची. मग तासभर कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. शांतता हे अर्धं औषध, असं आम्हाला शिकवलं होतं. माणसं बिचारी ऐकायची. घर गेलेला माणूस कुणाचंही ऐकतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, माझा वचक.

तिथे गिरिजा होती. तिची गोष्ट मला शेजारच्या बाईने सांगितली. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप सखाराम, गिरिजा आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ बाळू. वारा वाढायला लागला तेव्हा सखाराम शेजाऱ्याच्या गोठ्याला टेकू द्यायला गेला. जाताना पोरीला बजावलं, "दार उघडू नको." मग ती शांतता आली. गिरिजाने दार उघडलं. बाळू कोंबड्यांच्या मागे धावला. वारा फिरला तेव्हा तो घरापासून लांब होता. त्याला दुसऱ्या दिवशी माणसांनी उचलून आणलं. सखारामचा पाय मोडला होता, त्याला दूरच्या हॉस्पिटलात नेलं होतं.

गिरिजा जेवत होती, तांदूळ निवडत होती, लहान पोरांचे नाक-डोळे पुसत होती. फक्त बोलत नव्हती. दुपारी मी घंटा वाजवून ओळींमधून फिरायला लागले की मात्र माझ्या एप्रनची कड धरायची आणि अगदी हळू म्हणायची, "मो पेर."

फ्रेंचमध्ये "मों पेर" म्हणजे माझे वडील. माझ्या घासलेल्या कानांनी तेच ऐकलं. वहीत मी सुंदर फ्रेंचमध्ये लिहिलं, वडिलांना मागते. दोन वाजता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, वडिलांना मागते, दोन वाजता. तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या बेटावरचं दूधपितं पोरदेखील बापाला पापा म्हणतं, मराठी घरातलं बा म्हणतं. पेर कुणी म्हणत नाही. मीही अठरा वर्षांची होईपर्यंत हे जाणत होते.

चौथ्या दिवशी मी ठरवलं की या मुलीला तिचा बाप आणून द्यायचा. तांदूळ घेऊन येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला पटवलं. रस्त्यावर झाडं आडवी, मधूनमधून उतरून फांद्या ओढायच्या. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी मी इतका वाद घालत बसले की त्यांनी कंटाळून सही केली. सखाराम उंच, वाळलेला माणूस, पाय प्लास्टरमध्ये. मुलगा गेल्याचं त्याला कळलं होतं. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला.

"मिस, पोरगी जेवते काय?"

"जेवते. तुम्हालाच मागते रोज."

त्यावर त्याने तोंड फिरवलं ते शाळा येईपर्यंत.

आता माझा मूर्खपणा नीट बघा. जीप थांबली. आत शे-दीडशे माणसांचा कालवा चालला होता. मला वाटलं, एवढा मोठा प्रसंग, गोंगाटात वाया जायला नको. मी आधी आत गेले आणि घंटा वाजवली. सगळे गप्प झाले. रडणाऱ्या पोराच्या तोंडात आईने पदराचं टोक दिलं. मग मी सखारामला आत आणलं, एका बाजूने ड्रायव्हरने आणि दुसऱ्या बाजूने मी धरून, आणि त्या चिडीचूप खोलीत म्हणाले, "गिरिजा, बघ कोण आलंय."

गिरिजाने बापाकडे पाहिलं, मग सगळीकडे पाहिलं. आणि काच नसलेल्या खिडकीतून बाहेर उडी टाकून ती पळाली. सखाराम तसाच उभा राहिला. माझ्या हातात घंटा.

शाळेत स्वयंपाक बघायला एक क्रेओल बाई होत्या, तांतीन रोज. तांतीन म्हणजे मावशी, रोज हे त्यांचं नाव. त्यांनी डाव खाली ठेवला आणि मला विचारलं, "याला का आणलंस तू?"

"ती वडिलांना बोलावत होती. रोज. मों पेर, मों पेर."

 लहान मुलाला सांगावं तसं तांतीन रोज क्रेओलमध्ये म्हणाल्या, "ली पे दीर ली पेर." ती सांगतेय की तिला भीती वाटते.

क्रेओलमध्ये "मो पेर" म्हणजे मला भीती वाटते. हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. अंधारात, विहिरीपाशी, कुत्र्यासमोर मी स्वतः हजार वेळा हेच दोन शब्द बोलले होते. तांतीन रोज पुढे म्हणाल्या, "तू इतकी शिकलीस की बहिरी झालीस, पोरी." आणि एप्रन सोडून त्या गिरिजाला शोधायला निघाल्या.

अंधार पडेपर्यंत माणसं शोधत होती. ऊस सगळा झोपलेला, त्यातून चालणं कठीण. जो तो नदीचं नाव घ्यायचं टाळत होता. वादळाच्या पावसाने नदी अजून फुगलेली होती. ती रात्र मी कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सखारामने कशी काढली ते मी पाहिलं. तो शाळेच्या पायरीवर बसून होता. फुकटचा धीर द्यायला मी एकदा जवळ गेले तर म्हणाला, "तुम्ही निजा, मिस." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सकाळी एक गुराखी सांगत आला की पोरगी नदीवर आहे. धबधब्याच्या कडेला, खडकावर, पाण्यापासून दोन हातांवर. सखारामला आम्ही खुर्चीवर बसवून उचलून नेलं. पुढे धावणाऱ्यांना तांतीन रोजनी अडवलं. "सगळे गेलात तर ती पाण्यात जाईल," म्हणाल्या. सखाराम खुर्चीवरून उतरला आणि बसून, हातांवर सरकत सरकत, प्लास्टरचा पाय ओढत खडकापर्यंत गेला. पाण्याचा आवाज एवढा की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. म्हणून ते मलाही ऐकू आलं. नाहीतर ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं.

"बाय, मी पण भाईर आलो होतो. वारा थांबला तेव्हा मी पण आलो भाईर. मला पण वाटलं, संपलं. सगळ्यांनी दारं उघडली गो. तू एकटीने नाही उघडलंस."

 मग तिने हात पुढे केला. त्याला वर ओढायला केला की स्वतःला धरून ठेवायला, ते मला अजून सांगता येत नाही.

पुढे दोनेक वर्षांनी वरच्या ऑफिसातून विचारणा झाली. वादळानंतर पोरांशी कसं वागावं हे नर्सना कुणीतरी शिकवायला हवं होतं. पुस्तकं नव्हती, तज्ज्ञ नव्हते. लालमतीच्या शाळेत काम केलेली एक नर्स आहे म्हणून माझं नाव पुढे आलं. चूक करून माणूस मास्तर होतो तो असा.

हे काम काय असतं ते बाहेरच्यांना सांगते. जखम बांधायला नर्सला हात लागतात. इथे हात मांडीवर ठेवून बसायचं असतं, आणि ते नर्सला फार जड जातं. आम्हाला काहीतरी करायची सवय. मी माझ्या वर्गातल्या मुलींना शिकवायची की बारा-पंधरा वर्षांचं पोर असेल तर डोक्यावरून हात फिरवू नका, ते स्वतःला मोठं समजतं. शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की पोलिसासारखं वाटतं. त्यांच्या हाताला काम द्या, डाळ निवडायला, दोरी वळायला. विसरून जा, असं कधी म्हणू नका. आणि पोर जो शब्द बोलेल तो त्याच भाषेत, तसाच लिहा. मराठी असेल तर मराठी, भोजपुरी असेल तर भोजपुरी. अर्थ नंतर लावू. माझा वर्ग मी क्रेओलमध्ये घ्यायची. पहिल्या दिवशी मुली एकमेकींकडे बघायच्या, की बाई वॉर्डाच्या इमारतीत क्रेओल बोलताहेत, आता छप्पर पडणार.

एकदा एका मुलीने वहीत लिहून आणलं, अमुक मुलगा हट्टी, निजताना बूट काढत नाही. मी म्हटलं, हट्टी हा शब्द त्याचा की तुझा? ती लाजली आणि परत जाऊन विचारून आली. मुलगा म्हणाला होता, "पळायला लागलं तर?" ती दोन वाक्यं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. अशा गोष्टींनी वर्ग चालायचा.

पण वर्गाचा मुकुटमणी म्हणजे गिरिजाची गोष्ट. नाव बदलून सांगायची मी. पेर म्हणजे बाप नव्हे, पेर म्हणजे भीती, आणि ती भीती बापाचीच होती. मी म्हणायचे, बघा, मी शब्द चुकले म्हणून ज्याची भीती होती त्यालाच तिच्यासमोर नेऊन उभं केलं. इथे मुली हसायच्या, पुढे खडकापाशी रुमाल काढायच्या. हशा कुठे येतो आणि रुमाल कुठे निघतो हे मला पाठ झालं होतं. तिथे मी थोडी थांबायची सुद्धा. नाटकात काम करायची हौस नर्सिंगमध्ये भागवली म्हणा.

पाच वर्षं ही गोष्ट सांगून झाल्यावर हसीना नावाची एक मुलगी वर्गात आली. पोर्ट लुईची, शेवटच्या बाकावर बसणारी. सगळ्यांचे रुमाल निघाले आणि हिने हात वर केला.

"मिस, भीती वडिलांची होती असं ती म्हणाली?"

"तसं उघडच होतं, हसीना."

"म्हणजे ती नाही म्हणाली."

"अगं, बाप समोर आला आणि ती पळाली."

"हो, पण ती तर आधीपासून रोज म्हणत होती. तेव्हा वडील तिथे नव्हते. तुम्ही विचारलंत का, कशाची?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि वर्ग पाच मिनिटं लवकर सोडला. हसीनाला म्हणाले, अनुभव आला की काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. लालमतीची वही ओलाव्याने फुगली होती. वडिलांना मागते, दोन वाजता. वडिलांना मागते, दोन वाजता. वडिलांना मागते, दोन वाजता. रोज एकाच वेळी भीती का वाटावी, हे त्या वहीला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि वर्गात मी मुलींना सांगत होते की पोराचा शब्द पोराच्याच भाषेत लिहा.

गिरिजाचं लग्न होऊन ती लॉंग माउंटनला नांदत होती. पुढच्या रविवारी बसने गेले. घर सापडायला त्रास झाला नाही, कारण रेडिओचा आवाज रस्त्यावर येत होता. दारात कोंबड्या, ओटीवर एक बाळ निजलेलं. एवढ्या आवाजात ते कसं निजलंय याचंच मला नवल वाटलं. गिरिजाने मला लगेच ओळखलं. खुर्ची पुसली, चहा टाकला, सखारामची खुशाली सांगितली. तो अजून मळ्यावर जात होता, लंगडत, पण जात होता.

मी विषय काढणार, तर रेडिओपुढे माझंच मला ऐकू येईना. नर्सची खोड, विचारलं नाही, सवरलं नाही, हात लांब केला आणि बटण फिरवायला गेले. गिरिजाचा हात माझ्या हातावर आला.

"असू दे, मिस."

"बाळ निजलंय ना गो."

"तो आवाजातच निजतो. मी तशीच सवय केलीय." मग म्हणाली, "बंद झालं की मला बसवत नाही घरात."

मी हात मागे घेतला. आणि मग, सात वर्षांनी, तो प्रश्न विचारला. "गिरिजा, शाळेत तू मला रोज सांगायचीस, मो पेर. कशाची भीती वाटायची तुला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चेष्टा करतेय.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही घंटा वाजवायचात की सगळे गप्प व्हायचे. एकदम. तसंच झालं होतं ना त्या दिवशी. वारा थांबला, सगळं गप्प. म्हणून मी दार उघडलं." ती चुलीकडे बघत बोलत होती. "मला वाटायचं, आता परत येणार. घंटा झाली की येणार. तुम्हाला सांगायचे, तर तुम्ही लिहून घ्यायचात. मग मला वाटायचं, मिसनी लिहिलंय म्हणजे उद्या वाजवणार नाहीत."

मी कप खाली ठेवला. 

"बाची भीती नव्हती?" मी विचारलं.

"होती. पण ती वेगळी. बाने मारलं असतं तर सोसलं असतं. बा आला तेव्हा तुम्ही अवेळी घंटा वाजवलीत, मिस. एवढी माणसं आणि कुणी श्वास घेईना. मला तिथे थांबवेना."

"आणि नदी?"

"नदीला आवाज होता."

सगळं गाव एक रात्र जिच्यासाठी नदीला घाबरत होतं ती मुलगी नदीपाशी जरा स्वस्थ बसायला गेली होती. आणि मी त्या खडकाचा उतारा पाच वर्षं वर्गात वाचून दाखवला होता.

मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली, मग क्रेओलमध्ये मागितली. तिने मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की राहू द्या म्हणून, ते मी विचारलं नाही, तेवढं तरी मी शिकले होते. चहा निवत होता. मी तिला सगळं सांगितलं, वर्गाचं, नाव बदलून सांगितलेल्या गोष्टीचं, रुमालांचं, हसीनाचं. रुमालांचं ऐकून ती थोडी हसली. मी म्हटलं, आता सोमवारी वर्गात जाऊन काय सांगू मी, तूच सांग.

गिरिजाने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "तुम्ही नका सांगू, मिस. मला बोलवा, मी येऊन सांगते. फक्त खिडक्या उघड्या ठेवा, आणि बाहेर पोरं ओरडत असतील तर त्यांना गप्प करू नका."